हृदयाचा तुकडा मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये जातो तेव्हा : विदर्भातल्या गावांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात मास स्पेक्ट्रोमीटर या रेणूंचं वजन करणाऱ्या यंत्रावर हृदयाच्या ऊतीतली प्रथिनं तपासण्याबद्दल बोलायला गेलं की प्रश्नांची सरबत्ती होते. नातेवाईक विचारतात, आशाताई विचारतात, ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टर विचारतात, बीएस्सीची पोरं तर विचारतातच. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही जसे आले तसेच, वऱ्हाडी बोलीत ठेवले आहेत. घाईत असाल तर पहिला प्रश्न आणि तुकडा कसा ठेवायचा हा प्रश्न, एवढे दोन तरी वाचाच.

माह्या छातीत दुखते. या मशीनवर टाकून समजते का, अटॅक आहे का नाई ते?

नाही. आणि त्यासाठी थांबूही नका. छातीत दाटून आलंय, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात उतरतंय, दरदरून घाम सुटलाय, तर १०८ ला फोन लावा आणि जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून घ्या. "गॅस झाला असंन" म्हणत सोडा पिऊन पडून राहणारे आपल्याकडे कमी नाहीत. वावरातून आलो, थकलो, म्हणून दुखतंय, हेही नेहमीचंच. ईसीजीला पाच मिनिटं लागतात.

दवाखान्यात रक्ताची ट्रोपोनिन तपासणी होते. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. रक्तपुरवठा तुटून स्नायूच्या पेशी मरायला लागल्या की ते रक्तात गळतं. सुरुवातीच्या काही तासांत ते वाढलेलं दिसेलच असं नाही, म्हणून डॉक्टर पुन्हा रक्त मागतात. त्यावर चिडू नका. ही तपासणी प्रतिपिंडांवर चालते, मास स्पेक्ट्रोमीटरवर नाही. पण हृदयातल्या ट्रोपोनिनची घडण हातापायाच्या स्नायूतल्या ट्रोपोनिनपेक्षा वेगळी आहे, हे आधी कुणीतरी ऊतीत जाऊन पाहिलं म्हणून ती शक्य झाली. आमचं काम त्या आधीच्या पायरीवरचं.

मग हे मशीन करते तरी काय?

वजन करतं. रेणूला विद्युतभार द्यायचा, निर्वात पोकळीत सोडायचं आणि वस्तुमान व भार यांचं गुणोत्तर मोजायचं, एवढंच त्याचं काम. चांगल्या यंत्रात दहा लाखांत काही भाग इतकीच चूक होते.

अडचण अशी की प्रथिनाचा रेणू मोठा आणि नाजूक. तो न फोडता हवेत उडवायचा कसा, हा प्रश्न बरीच वर्षं अडून होता. जॉन फेन यांनी द्रावणाचा विद्युतभारित फवारा करून आणि कोइची तानाका यांनी लेसर वापरून तो सोडवला. २००२ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये दोघांचा वाटा होता. आज हृदयाच्या ऊतीवर जे काम होतं त्यातलं बहुतेक फेन यांच्या फवाऱ्यावर चालतं.

अख्खं प्रथिन सहसा पाठवत नाहीत. आधी ट्रिप्सिनने त्याचे तुकडे करतात. या तुकड्यांना पेप्टाइड म्हणतात. ट्रिप्सिन म्हणजे आपल्या स्वादुपिंडातून येणारं, डाळीतली प्रथिनं पचवणारं विकरच. ते वाटेल तिथे कापत नाही. लायसिन आणि आर्जिनिन या दोन अमिनो आम्लांच्या पुढे कापतं. कुठे कापलं जाणार हे आधीच ठाऊक असल्यामुळे प्रत्येक प्रथिनाचे तुकडे कोणत्या वजनाचे पडतील ते संगणक आधीच मांडून ठेवतो. यंत्र पेप्टाइडचं वजन करतं, मग ते वायूवर आपटून फोडतं आणि फुटक्या कणांचं पुन्हा वजन करतं. त्या दुसऱ्या वजनांवरून अमिनो आम्लांचा क्रम लागतो.

ल्यूसिन आणि आयसोल्यूसिन यांचं वजन मात्र तंतोतंत सारखं. तिथे नेहमीच्या पद्धतीत यंत्र हात टेकतं.

सिकलसेल आमच्या घरात आहे. त्याचा न् याचा काही संबंध आहे काय?

आहे, आणि चांगला जवळचा आहे. गडचिरोली-चंद्रपूरकडे हिमोग्लोबिन एस हे नाव शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं, त्यामुळे हा प्रश्न आला की समजावणं सोपं जातं.

१९४९ साली लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सिकलसेलचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात वेगळं सरकतं. पण फरक नेमका कुठे? १९५६ साली केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रम यांनी हिमोग्लोबिन ट्रिप्सिनने कापलं आणि तुकडे कागदावर पसरवले. तीसेक ठिपके उमटले. निरोगी माणसाचे आणि सिकलसेलवाल्याचे ठिपके शेजारी ठेवले तर सगळे जुळले, एक सोडून. त्या एका तुकड्यात ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसलं होतं.

हाच तुकडा आजच्या यंत्रात घातला तर काय दिसेल? आठ अमिनो आम्लांचा हा पेप्टाइड. निरोगी असेल तर एक प्रोटॉन धरून त्याचं वजन सुमारे ९५२ डाल्टन (एक डाल्टन म्हणजे साधारण एका हायड्रोजन अणूचं वजन) भरतं, सिकलसेलचा असेल तर सुमारे ९२२. तीसाचा फरक. आलेखावर शिखर डावीकडे सरकलेलं डोळ्यांनी दिसतं. हृदयाच्या ऊतीत आम्ही हेच करतो. तिथे एका प्रथिनाऐवजी हजारो असतात, एवढाच काय तो फरक.

आणि हो, सिकलसेल आहे की नाही हे कळायला या यंत्राची गरज नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातली विद्राव्यता चाचणी आणि त्यानंतरची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी पुरेशी आहे. ती करून घ्या, लग्नाच्या आधी तर नक्कीच.

हृदयात प्रथिनं असतात तरी किती?

माणसाच्या जनुकसंचात प्रथिनं तयार करणारी सुमारे २० हजार जनुकं आहेत. २०१४ साली बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मॅटिक्सचे शास्त्रज्ञ आणि अमेरिकेतले सहकारी यांनी मानवी प्रथिनांचा कच्चा नकाशा छापला. त्यात १७ हजारांहून अधिक जनुकांची प्रथिनं सापडली होती. प्रौढ हृदय आणि गर्भाचं हृदय दोन्ही त्यात होतं. २०१७ साली जर्मनीतल्या गटाने नुसत्या हृदयाचाच नकाशा काढला. हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या यांचे मिळून १६ भाग वेगवेगळे तपासले आणि १०,७०० हून अधिक प्रथिनं मोजली. प्रथिनं वरच्या अलिंदांत, खालच्या निलयांत आणि झडपांत कशी वेगळी भेटतात ते त्यातून दिसलं. शिवाय अलिंदाच्या अनियमित फडफडीच्या काही रुग्णांचे तुकडे या नकाशाशी ताडून पाहिले, तेव्हा पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या प्रथिनांत बिघाड दिसला.

जनुकांची तपासणी निघाली आहे ना आता? मग प्रथिनं मोजायची कशाला?

जनुकात काय लिहिलंय ते डीएनए सांगतो. त्यातलं किती प्रत्यक्षात बनलं, किती मोडून टाकलं गेलं, कशावर फॉस्फेट (प्रथिनाचं काम चालू-बंद करणारा छोटा रासायनिक गट) चिकटलं, हे प्रथिनांतच दिसतं. जनुकावरून निघालेला आरएनए मोजूनही हा अंदाज पक्का बांधता येत नाही.

आपल्या भागाला लागू पडणारं उदाहरण घ्या. २००९ साली हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंवर संशोधन करणाऱ्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांसह एका गटाने दाखवलं की हृदयातल्या मायोसिन-बाइंडिंग प्रोटीन सी या प्रथिनाच्या जनुकात २५ अक्षरं गळालेली असतात, आणि असे लोक भारतीय उपखंडात शंभरात सुमारे चार भेटतात. हृदयाच्या स्नायूच्या आजाराशी त्याचा संबंध जोडला गेला. हा एकटा दोष नेमका किती धोका वाढवतो, यावर पुढे बराच खल झाला. कारण हा दोष असूनही ठणठणीत जगणारे पुष्कळ आहेत. अशा वेळी त्या माणसाच्या हृदयात ते प्रथिन प्रत्यक्षात किती आहे आणि त्याच्या जोडीची प्रथिनं काय करताहेत, हे पाहावं लागतं. ते जनुकाच्या रिपोर्टमध्ये नसतं.

तुकडा आणता कुठून? कोणाचं हृदय काढून नेता का तुम्ही?

नाही हो. बहुतेक तुकडे असे असतात जे शस्त्रक्रियेत एरवीही काढले जातात. झडप बदलताना जुनी झडप आणि तिच्या दोऱ्या धरणारा स्नायू थोडा कापला जातो. बायपासच्या वेळी उजव्या अलिंदाचं टोक नळी घालताना कापतात. स्नायू फार जाड झाला असेल तर मधल्या पडद्याचा भाग काढतात. प्रत्यारोपणात रुग्णाचं जुनं हृदय बाहेर येतं. बायोप्सीत मिळतो तो तुकडा तांदळाच्या कणीएवढा, काही मिलिग्रॅमचा, पण आजच्या यंत्रांना तो पुरतो. एका फेरीला यंत्रात जातं ते जेमतेम एक मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा हिस्सा.

निरोगी हृदय मिळणं सगळ्यात कठीण. तुलना करायला तेच लागतं. दान केलेलं पण काही कारणाने बसवता न आलेलं हृदय, किंवा अपघाती मृत्यूनंतरचं शवविच्छेदन, एवढेच मार्ग. म्हणून बऱ्याच अभ्यासांत ज्याला 'नॉर्मल' म्हटलेलं असतं ते बायपासला आलेल्या माणसाच्या हृदयाचं असतं. अशा निबंधांकडे मी जरा संशयानेच पाहते.

पोस्टमार्टममध्ये व्हिसेरा पाठवतात, ते हेच का?

नाही. फवारणीतली विषबाधा किंवा विष घेतल्याचा संशय असेल तर पोट, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग मिठाच्या संपृक्त पाण्यात घालून न्यायवैद्यक प्रयोगशाळेला जातात. तिथेही मास स्पेक्ट्रोमीटर असतो, पण तो कीटकनाशकाचे छोटे रेणू शोधतो. प्रथिनांसाठी मिठात घातलेला तुकडा आमच्या उपयोगाचा नाही. आणि पोलीस केसमधल्या शरीराचा कोणताही भाग संशोधनासाठी परस्पर घेता येत नाही.

अंगठा कशावर घेता? त्यात काय लिहिलं असते?

अंगठा घेण्याआधी कागद मोठ्याने वाचून दाखवलाच पाहिजे, आणि तो मराठीत असला पाहिजे. गोंडी किंवा कोलामी बोलणाऱ्या घरात ती भाषा येणारा माणूस बरोबर हवा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संस्थेच्या नीती समितीची मंजुरी आधी लागते. सही स्वेच्छेची असते. नाही म्हटलं तरी उपचारात तसूभर फरक पडता कामा नये. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार बसवावा लागतो. तुकड्यावर नाव न लिहिता सांकेतिक क्रमांक घालतात.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी, पेशंट स्ट्रेचरवर असताना सही मागू नये. कायद्याने ती चालेलही, पण त्या घडीला माणूस कशालाही हो म्हणतो. आदल्या दिवशी, घरच्यांसमोर, चहा पीत पीत विचारा. "मागून काही पैशाचं मागणार तर नाही ना?" हा प्रश्न हमखास येतो. नाही मागत, हे आपण होऊन आधीच सांगा.

तुकडा घेतला. आता ठेवायचा कसा?

इथे नीट वाचा. नमुने बिघडतात ते बहुतेक इथेच, यंत्रात नाही.

रक्तपुरवठा थांबला की ऊतीतली विकरं प्रथिनं तोडायला लागतात. मायोसिन, अ‍ॅक्टिन यांसारखी बांधणीची प्रथिनं काही तास तग धरतात. फॉस्फेट मात्र मिनिटांत उतरतं आणि चढतं. अ‍ॅड्रेनलिनचा झटका बसला की ट्रोपोनिन आय आणि फॉस्फोलँबन या दोघांवर फॉस्फेट चढतं, त्यामुळे हृदय जोरात आकसतं आणि पटकन सैल पडतं. थकलेल्या हृदयात हीच यंत्रणा ढेपाळते. ती पाहायची असेल आणि तुकडा टेबलावर अर्धा तास पडून राहिला असेल, तर पुढचा सगळा खर्च पाण्यात.

करायचं असं. तुकडा चिमट्याने धरून बर्फावर ठेवलेल्या थंडगार सलाइनमध्ये खळबळायचा. पाणी गुलाबी होतं. ते फेकायचं, पुन्हा नवं घ्यायचं, गुलाबी रंग जाईपर्यंत. हे टाळलं तर यंत्राला हृदयापेक्षा रक्तातलं हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिनच जास्त दिसतं. मग टिपकागदावर हलकेच टेकवून चरबी कात्रीने काढायची, तूरडाळीच्या दाण्याएवढे भाग करायचे आणि प्रत्येक भाग वेगळ्या कुपीत टाकून कुपी द्रवरूप नायट्रोजनमध्ये सोडायची. चर्र आवाज येतो, पांढरी वाफ उसळते आणि काही क्षणांत तुकडा दगड होतो. तापमान उणे १९६ अंश.

कुपीवर साध्या बॉलपेनने लिहू नका. नायट्रोजनमधून काढली की तिच्यावर दव जमतं आणि अक्षरं बोटाला लागून येतात. गोठणात टिकणारं लेबल लावा आणि त्यावर हृदयाचा नेमका भाग लिहा: डावं निलय, बाहेरची भिंत, टोकाकडचा भाग, वगैरे. नुसतं 'हार्ट' लिहून काही कळत नाही. अलिंद आणि निलय यांतली मायोसिनची छोटी साखळी वेगळी असते. त्यामुळे लेबलांची अदलाबदल झाली असेल तर यंत्र चुगली करतं, पण दोन्ही तुकडे निलयाचेच असतील तर ते गप्प बसतं.

घरगुती फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवू नका. तिथे उणे २० च्या खाली जात नाही आणि लोडशेडिंगमध्ये तेही राहत नाही. एकदा वितळून पुन्हा गोठलेला तुकडा बाहेरून चांगलाच दिसतो, हीच पंचाईत. उणे ८० चा डीप फ्रीजर नसेल तर नायट्रोजनचं भांडंच बरं. त्याला वीज लागत नाही. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४६-४७ वर जातो तेव्हा कोरड्या बर्फाचा (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा) डबा भराभर रिकामा होतो, हेही धरून चला.

खेड्यात द्रवरूप नायट्रोजन भेटते का?

भेटतो. गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी लागणाऱ्या रेतमात्रा त्यातच ठेवतात, त्यामुळे पशुवैद्यकीय दवाखान्यांना तो ठरावीक दिवशी पोचतो. मोठमोठ्या शहरांतल्या संशोधकांना हे सांगितलं की ते चकित होतात. आपल्याकडे मात्र निळा कंटेनर मोटरसायकलला बांधून नेणारा माणूस सगळ्यांनी पाहिलेला असतो. नायट्रोजनचा पुरवठा कुठून होतो हे त्यांना विचारा, आपलं भांडं वेगळं घ्या. माणसाचे नमुने रेतमात्रांच्या कंटेनरात ठेवायचे नाहीत.

दोन गोष्टी जिवाशी संबंधित. भांड्याचं झाकण सैलच असलं पाहिजे, घट्ट बंद केलं तर दाबाने फुटेल. आणि बंद गाडीत काचा खाली ठेवा, कारण नायट्रोजन उडून ऑक्सिजन कमी होतो आणि वासही येत नाही.

आमच्याकडे तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला गेला. फेकून द्यायचा का?

मुळीच नाही. फॉर्मॅलिन प्रथिनांना एकमेकांशी बांधून टाकतं, पण तापवून ते बंध बरेचसे सोडवता येतात. मेणाच्या ठोकळ्यात वर्षानुवर्षं पडलेल्या तुकड्यांतूनही हजारो प्रथिनं मिळतात. फॉस्फेटचं काम मात्र त्यावर करू नये असं माझं मत.

यातून पेशंटला थेट फायदा झाला असं एकतरी उदाहरण आहे का?

आहे. अमायलॉइड.

साठी ओलांडलेला माणूस. चालताना धाप लागते, पाय सुजतात, सोनोग्राफीत हृदयाची भिंत जाड दिसते. बऱ्याचदा आधी काही वर्षं दोन्ही हातांना मुंग्या येऊन गेलेल्या असतात, मनगटाची शस्त्रक्रियाही झालेली असते. हृदयात घडी बिघडलेल्या प्रथिनाचे थर साचलेले असतात. काँगो रेड रंग दिला की ध्रुवित प्रकाशात ते हिरवे चमकतात. थर आहेत एवढं रंग सांगतो. ते कशाचे आहेत ते मात्र सांगत नाही. ट्रान्सथायरेटिन या रक्तातल्या प्रथिनाचे असतील तर उपचार एक. अस्थिमज्जेतल्या पेशींनी बनवलेल्या प्रतिपिंडांच्या हलक्या साखळ्यांचे असतील तर केमोथेरपी लागते, तीही लवकर. उलटसुलट झालं तर माणूस हातचा जातो.

म्हणून काचपट्टीवरचा तेवढाच चमकणारा भाग लेसरने कापून घेतात आणि मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये घालतात. ज्याचे पेप्टाइड सगळ्यात जास्त, तो थरातला मुख्य आरोपी. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने ही पद्धत २००९ साली छापली आणि ती तिथे रोजच्या निदानात आहे. ट्रान्सथायरेटिनचा प्रकार बऱ्याच रुग्णांत आता हाडांच्या स्कॅनवरूनच कळतो, पण त्याआधी रक्त-लघवीत हलक्या साखळ्या नाहीत हे पक्कं करावं लागतं.

प्रयोगशाळेत पोचल्यावर काय होतं?

गोठलेला तुकडा नायट्रोजन ओतून थंड केलेल्या खलात कुटून पावडर करतात. हात मंद झाला आणि पावडर तापली की तिचा चिखल होतो. मग डिटर्जंट किंवा युरियाच्या द्रावणात प्रथिनं विरघळवतात, त्यांचे गंधकाचे पूल तोडतात आणि पुन्हा जुळू नयेत म्हणून टोकं बंद करतात. ट्रिप्सिन घालून रात्रभर ३७ अंशांवर ठेवतात. सकाळी क्षार काढून टाकतात.

पेप्टाइडचं मिश्रण सूक्ष्म नळीतून जातं. तिचा आतला व्यास ७५ मायक्रोमीटर, म्हणजे केसाएवढा. पाण्याशी सलगी असलेले पेप्टाइड आधी बाहेर पडतात, तेलकट स्वभावाचे नंतर. नळीच्या टोकाशी दोनेक हजार व्होल्ट. तिथून फवारा थेट यंत्राच्या तोंडात. एक फेरी साधारण एक ते दोन तासांची, नव्या यंत्रांवर त्याहून बरीच कमी.

हृदय इतर अवयवांपेक्षा अवघड का म्हणतात?

कारण त्यात थोड्या प्रथिनांची दादागिरी आहे. मायोसिन, अ‍ॅक्टिन, टायटिन, मायोग्लोबिन आणि मायटोकाँड्रियाची प्रथिनं. स्नायूपेशीचा साधारण तिसरा हिस्सा मायटोकाँड्रियांनीच व्यापलेला असतो. एकटं टायटिन सुमारे ३४ हजार अमिनो आम्लांचं, माणसातलं सगळ्यात मोठं प्रथिन. ट्रिप्सिनने त्याचे इतके तुकडे पडतात की यंत्राचा बराच वेळ तेच खातं. संदेश पोचवणारी, जनुकं चालू-बंद करणारी प्रथिनं लाखो पटींनी कमी असतात. वरातीत बँड दणदणत असताना मागच्या रांगेतलं पुटपुटणं ऐकायचं, तशी गत. उपाय म्हणजे मिश्रणाचे आधी भाग पाडणं आणि प्रत्येक भाग वेगळा चालवणं. वेळ वाढतो, पैसा वाढतो.

यंत्राने दिलेल्या प्रथिनांच्या यादीत केराटिन दिसलं. हृदयात केस असतात का?

नाही. ते तुमच्या कातडीचं, केसांचं किंवा लोकरीच्या स्वेटरचं आहे. नागपुरी थंडीत स्वेटर घालून प्रयोगशाळेत काम केलं की मेंढीचंही केराटिन सापडतं.

निकालावर विश्वास किती ठेवायचा?

संगणकाला खऱ्या प्रथिनांच्या यादीबरोबर उलट्या क्रमाने लिहिलेल्या खोट्या प्रथिनांची यादीही देतात. खोट्यातले किती 'सापडले' यावरून चुकीचा दर काढतात आणि तो सहसा एक टक्क्यावर धरतात. म्हणजे पाच हजार प्रथिनांच्या यादीत पन्नासेक चुकीची असू शकतात, आणि ती कोणती हे माहीत नसतं. ज्या प्रथिनावर सगळा निष्कर्ष उभा आहे ते एकाच पेप्टाइडवर ओळखलेलं असेल तर जपून.

दुसरा धोका जास्त फसवा. आजारी हृदयात स्नायूपेशी मरतात आणि त्यांच्या जागी तंतू बनवणाऱ्या पेशी वाढतात. मग कोलॅजन वाढलेलं आणि मायटोकाँड्रियाची प्रथिनं घटलेली दिसणारच. प्रत्येक पेशीत घट झाली, की पेशीच कमी झाल्या? अख्ख्या तुकड्याची पावडर केल्यावर हे वेगळं सांगता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखालचा काप शेजारी ठेवल्याशिवाय असा निष्कर्ष मी तरी मानत नाही.

माह्या पोरीचा वाल्व खराब झाला. यातून काही निघंन का?

तो रुमॅटिक तापाने, म्हणजे घशातल्या संसर्गानंतर येणाऱ्या तापाने, खराब झाला असेल तर तिच्यासाठी आज उपयोगाचं आहे ते पेनिसिलिनचं इंजेक्शन, दर तीन-चार आठवड्यांनी, डॉक्टरांनी सांगितलं तितकी वर्षं. ते चुकवू नका. सोयाबीन काढणी चालू आहे म्हणून पुढच्या महिन्यात घेऊ, असंही करू नका. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूचं एक प्रथिन हृदयातल्या मायोसिनशी मिळतंजुळतं असतं, त्यामुळे जंतूवर सोडलेली फौज आपल्याच हृदयावर उलटते. बहुधा मिट्रल झडप सापडते.

बदललेल्या झडपेवर काम होतं, आणि ते आपल्याकडेच व्हायला हवं. हा आजार युरोप-अमेरिकेतून जवळजवळ गेला, त्यामुळे तिकडे नमुनेच नाहीत. काम चिवट आहे. झडप म्हणजे मुख्यतः कोलॅजन, त्यात कॅल्शियम बसलेलं, सहजी विरघळत नाही. शिवाय कोलॅजनमधल्या प्रोलिनवर ऑक्सिजन चढलेला असतो आणि प्रत्येक ठिकाणी वजन सोळाने वाढतं. संगणकाला हे आधी सांगितलं नाही तर झडपेत सगळ्यात जास्त असलेलं प्रथिनच त्याला नीट दिसत नाही.

कॉलेजात प्रॅक्टिकलसाठी बोकडाचं हृदय चालेल का?

उत्तम चालतं. खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा, बर्फाचा डबा घेऊन सकाळी लवकर जा. विकत आणून उन्हात ठेवलेलं नको. शोध घेताना शेळीच्या प्रथिनांची यादी वापरा. माणसाची वापरली तर अ‍ॅक्टिनसारखी, जवळजवळ अक्षरशः सारखी असलेली प्रथिनं जुळतील, बाकी बरीच निसटतील.

हे यंत्र आपल्या जिल्ह्यात का आणत नाहीत?

त्याची किंमत कोटींत आहे, पण खरी अडचण पुढची. ते चोवीस तास निर्वात ठेवावं लागतं. वीज गेली, बॅकअप संपला की पोकळी भरून जाते आणि पुन्हा पंप करून, तोलून-मापून घेण्यात वेळ जातो. खोलीचं तापमान हललं की वजनंही हलतात. मुंबई आयआयटी, बंगळुरू अशा ठिकाणी सोय आहे आणि नमुना तिथे पाठवता येतो. माझ्या मते जिल्ह्याला यंत्रापेक्षा नायट्रोजनची चार भांडी, लेबलं आणि ती नीट वापरणारा एक प्रशिक्षित तंत्रज्ञ हवा. सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपुरात मोठी रुग्णालयं आहेत. शस्त्रक्रिया इथे होतात, तुकडे इथे निघतात. ते पहिल्या दहा मिनिटांत गोठत नाहीत, एवढीच उणीव.

रिपोर्ट भेटंन का आम्हाले?

एका माणसाच्या तुकड्यावरून त्याच्यासाठी रिपोर्ट निघत नाही. अनेकांचे एकत्र मांडल्यावरच अर्थ लागतो. पण अभ्यासातून काय निघालं हे गावात येऊन सांगायला सांगा. तो तुमचा हक्क आहे.

यंत्र नाही, प्रयोगशाळा नाही. मी यात काही करू शकतो का?

संगणक असेल तर हो. जगभरातल्या अशा प्रयोगांचा मूळ डेटा प्राइड नावाच्या संग्रहात फुकट ठेवलेला असतो आणि हृदयाचे संच त्यात पुष्कळ आहेत. मॅक्सक्वांट आणि डीआयए-एनएन ही डेटातून प्रथिनं ओळखणारी सॉफ्टवेअरं शैक्षणिक कामासाठी फुकट मिळतात. एका फेरीची फाइलच गिगाबाइटच्या घरात जाते, म्हणून मोबाइलच्या डेटावर उतरवू नका, कॉलेजचं वायफाय वापरा. आधी अख्ख्या संचाच्या मागे न लागता एकच फाइल घ्या, अलिंदाची. तिच्यात मायोसिनची अलिंदी छोटी साखळी सापडते का पाहा. मग निलयाची घ्या आणि तीच गोष्ट पुन्हा करा. संगणकाला किमान १६ जीबी रॅम हवी, आणि मेमध्ये दुपारी चालवायला लावू नका, तापून बंद पडतो.